कानटोपी घ्या आणि राहाच

प्रश्न : जूनमध्ये मी कार्डिफला मुलीकडे जाणार आहे. वेल्सच्या पार पश्चिमेला सेंट डेव्हिड्स नावाचं गाव आहे, तिथे दोन रात्री तंबूत राहायचा तिचा बेत आहे. माझं वय ६३, गुडघे कुरकुरतात. एवढ्याशा गावासाठी तंबू कशाला? सकाळी जाऊन रात्री परत आलं तर?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : ताई, तसं करू नका. कार्डिफहून गाडीने एका बाजूचेच अडीच-तीन तास लागतात. मी दादरची, आयुष्यात पहिल्यांदा तंबूत झोपले ती तिथेच, वयाच्या ५८व्या वर्षी, भाचीबरोबर, केअरफाय खाडीवरच्या एका शेतात. पहिल्या रात्री कुडकुडले. अंगावर दोन पांघरुणं होती, पण खाली नुसती सतरंजी, आणि तिथली थंडी जमिनीतून वर येते. दुसऱ्या रात्री खाली जाड गादी आणि डोक्याला कानटोपी घातली, तेव्हा गाढ झोप लागली. तुम्ही मुलीला घडीची खाट आणायला सांगा. गुडघ्यांना झोपण्याचा त्रास होत नाही, जमिनीवरून उठण्याचा होतो. तंबूही उभं राहता येईल असा हवा. वारा कितीही असो, शेगडी तंबूत पेटवू देऊ नका; तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

आता गाव. वस्ती दोन हजारांच्या आत, पण कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मोठं चर्च, आहे आणि १९९५पासून शहराचा दर्जाही आहे. ब्रिटनमधलं सगळ्यात छोटं शहर. कॅथेड्रल आधी दिसतच नाही. वेशीच्या कमानीपाशी पोहोचलं की ते खाली, घळीत दिसतं, कळसासकट. समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंच्या नजरेत येऊ नये म्हणून ते असं दडवलं, असं सांगतात. (लुटारू तरीही आले, पुन्हापुन्हा.) मला आपलं कुलाब्याचं अफगाण चर्च आठवलं. त्याचा मनोरा जहाजांना लांबून दिसायचा, खलाशी त्यावरून मुंबई ओळखायचे. इथे नेमकं उलट, आणि त्या उलटेपणाने मी किती तरी वेळ कमानीतच उभी राहिले.

खाली जायला ३९ पायऱ्या आहेत. सावकाश उतरा. आताची इमारत ११८१पासून बांधत गेलेली. आत चालताना पायाला चढ जाणवेल. तो भास नाही, फरशी एका टोकाकडून दुसऱ्याकडे खरोखरच चढत जाते. वर लाकडी छत आहे, त्याच्याखाली बसा. बाराव्या शतकात पोपने ठरवून दिलं होतं की इथल्या दोन वाऱ्या म्हणजे रोमची एक. संध्याकाळी जा. दिवसाच्या गाड्या निघून गेलेल्या असतात, आणि जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो. एका दिवसात परत फिरलात तर नेमकं हेच हुकेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी केअरफायहून कड्यावरच्या पायवाटेने सेंट नॉन्सला जा, वीसेक मिनिटं लागतात. संत डेव्हिडचा जन्म तिथे वादळात झाला आणि झरा फुटला, अशी कथा आहे. झरा आजही आहे. रॅमसे बेटाच्या बोटी समुद्र शांत असेल तरच निघतात. सील बघायचे असतील तर दोन्ही दिवस मोकळे ठेवा.

केअरफायच्या पुळणीवर उतरायची वाट मात्र उभी आहे. भरतीला पुळण जवळजवळ नाहीशी होते, तेव्हा ओहोटीची वेळ मुलीला आधी बघायला सांगा आणि उतरताना काठी घ्या.