विहिरीतलं नायट्रेट: गोठ्याचं की उसाचं?

प्रश्न: विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट आला, नायट्रेट 92 आहे. शेजारी म्हणतात, तुमच्या गोठ्यामुळे. मला वाटतं, त्यांच्या उसातल्या युरियामुळे. नक्की कसं ओळखायचं? पाणी प्यावं का?

उत्तर: आधी पिण्याचं बघू. आपल्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालतं. रिपोर्टवर ‘नायट्रेट’ आहे की ‘नायट्रेट नायट्रोजन’, तेही नीट वाचा. दुसरं असेल तर आकड्याला 4.43 ने गुणायचं, म्हणजे तुमचे 92 थेट 400 च्या वर जातात! घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याची दूध पावडर या पाण्यात अजिबात कालवू नका. बाळाच्या रक्ताला प्राणवायू पुरेसा वाहून नेता येत नाही, ते निळं पडतं. पाणी उकळूनही उपयोग नाही; पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. तुरटी आणि टीसीएलनेही (ब्लीचिंग पावडरनेही) ते जात नाही. आरओने कमी होतं.

आता तुमच्या भांडणाकडे येतो. एका आकड्यावरून कुणालाच दोषी धरता येत नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरूम आणि भेगांतून, बहुतेक उताराच्या बाजूने सरकतं. म्हणून विहिरीच्या वरच्या अंगाला काय काय आहे ते फिरून बघा: उकिरडा, गोठ्याचं मूत्र जिरतं ती जागा, संडासाचा शोषखड्डा, उसाचे वाफे. शोषखड्डा लोक हटकून विसरतात.

मग एकाच दिवशी चार नमुने घ्या: तुमची विहीर, उसाच्या वरची विहीर, उसाच्या खालची, आणि वस्तीपासून लांबची एक. नायट्रेटबरोबर क्लोराईड, पालाश (पोटॅशियम) आणि जिवाणू तपासायला सांगा. फक्त तुमच्याच विहिरीत सगळं चढलेलं असेल आणि जिवाणूही निघाले, तर मूळ जवळच आहे, म्हणजे गोठा किंवा संडास. शिवारातल्या सगळ्याच विहिरी साधारण सारख्या चढलेल्या असतील आणि जिवाणू नसतील, तर शेतातल्या खताकडे बोट जातं. यात एक मेख आहे: क्लोराईड मूत्रातून येतं, तसं खतातूनही येतं. आपण पोटॅश म्हणून टाकतो ते म्यूरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईडच. त्यातला पालाश काळी माती धरून ठेवते, क्लोराईड मात्र खाली जातं. त्यामुळे नुसतं क्लोराईड वाढलं म्हणून गोठ्यावर आळ घेऊ नका.

नत्राच्या (नायट्रोजनच्या) समस्थानिकांची, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंचीही तपासणी असते. शेणामूत्रातला हलका नत्र अमोनिया होऊन उडतो, जड मागे राहतो. युरियात तसा फरक नसतो. पण जमिनीतल्या सेंद्रिय नत्राचे आकडे दोन्हींच्या मधे पडतात, आणि ही सोय संशोधन संस्थांतच आहे. दोन शेतकऱ्यांच्या वादासाठी तिची गरज नाही.

माझा अंदाज विचाराल तर दोघांचाही वाटा निघेल. तुम्ही उकिरडा विहिरीपासून हलवा, खाली फरशी टाका, मूत्रासाठी टाकी करा. शेजाऱ्यांनी हिशोब मांडावा: सुरू उसाची शिफारस हेक्टरी 250 किलो नत्राची, म्हणजे एकरी 100 किलो. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत साधारण 20.7 किलो नत्र असतो. म्हणजे पाच गोण्याही लागत नाहीत, आणि डीएपी, 10:26:26 या खतांमधला नत्र यातूनच वजा करायचा. खत हप्त्यांनी द्यावं. टाकून लगेच पाटाने मोकाट पाणी सोडलं की ते मुळांखाली झिरपून जातं.

हे पाणी उसाला चालेल. उलट 92 म्हणजे साधं नायट्रेटच असेल, तर पाच सेंटीमीटर पाण्याच्या एका पाळीत एकराला सुमारे 4 किलो नत्र मिळतो. अशा दहा पाळ्या झाल्या तर जवळपास दोन गोण्या युरिया विहिरीतूनच येतो. तो धरूनच खत ठरवा.

नमुने मे अखेरीस आणि पावसाळा संपल्यावर असे दोनदा घ्या. सगळे रिपोर्ट आले की कार्यालयात या, शेजाऱ्यांनाही बरोबर आणा.