नव्याचे नऊ दिवस सरल्यावर

प्रश्न : वय ४३, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत नोकरी. दसऱ्याला राजारामपुरीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, दिवाळीत चारचाकी घेतली. दोन महिने हवेत होतो. आता घरात शिरताना काही वाटतच नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी वहीत लिहायला लागलो, पंधरा दिवसांत कंटाळलो. माझ्यातच काही खोट आहे का?

उत्तर : खोट नाही. मन सवयीला येतं. मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या २२ लॉटरी विजेत्यांची त्यांच्याच भागातल्या इतरांशी तुलना केली. विजेते फारसे जास्त सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, नाश्ता, मासिक वाचणं अशा साध्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी गोडी वाटत होती. फ्लॅटच्या भिंती रोज त्याच, म्हणून मन त्यांची दखल घेणं सोडून देतं. ज्यात रोज थोडा बदल असतो, त्याची गोडी जास्त टिकते.

वही चुकीची नव्हती, मात्रा चुकली. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोज लिहिलं की 'घर, तब्येत, नोकरी' अशी हजेरी लागते. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री दहा मिनिटं काढा. तीनच गोष्टी, त्याच आठवड्यातल्या, आणि प्रत्येकीपुढे 'हे का घडलं' याची एक ओळ. उदाहरणार्थ : 'गाडी गॅरेजला होती. शेजारच्या मशीनवरच्या माणसानं दुचाकीवरून घरापर्यंत सोडलं. का? त्यानं वाट वाकडी केली.' ही शेवटची ओळ गाळू नका. तिच्यामुळेच माणूस दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला चहा पाजावासा वाटतो.

गाडीला आठवड्यातून दोन दिवस विश्रांती द्या. महाद्वार रोडला पायी जा. सुखात खंड पडला की पुढच्या वेळी ते पुन्हा नव्यानं जाणवतं. जेवणाचंही तसंच. पांढऱ्या रश्श्याचे पहिले तीन घोट टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून घ्या. आधी नारळाच्या दुधाचा गुळचटपणा, मग मटणाच्या अळणीची (मटण शिजवलेल्या पाण्याची) चव, शेवटी घशाशी मिरीचा झणका. मोबाइल हातात असेल तर यातला फक्त झणका कळतो. रंकाळ्यावर फिरतानाही हेच : वीस मिनिटं, इअरफोन न लावता.

यापेक्षाही महत्त्वाची माणसं. हार्वर्डमध्ये १९३८ पासून चाललेल्या अभ्यासात जवळच्या नात्यांचा आयुष्यभराच्या सुखाशी आणि तब्येतीशी पुन्हा पुन्हा संबंध दिसला आहे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन यांच्या २००८ च्या प्रयोगात काहींना पाच, काहींना वीस डॉलर दिले. दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी जास्त खूश होते आणि रकमेनं फरक पडला नाही. म्हणजे मित्राला मिसळ खिलवली तरी पुरे. फक्त वेळ ठरवून टाका. 'कधीतरी भेटू' म्हटलं की भेट होत नाही.

सवय लागायला किती दिवस? लंडनमधल्या एका अभ्यासात सरासरी ६६ आली, पण कुणाला १८ लागले, तर कुणाला २५४ पर्यंत लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही. 'आता मोडलंच' म्हणून सोडून दिलं की बिघडतं.

प्रश्न : तीन आठवडे झाले, सासूबाईंचा आवडत्या मालिकेतही जीव रमत नाही. पहाटे तीनला जाग येते, जेवण निम्म्यावर आलंय. त्यांना अशी वही लिहायला देऊ का?

उत्तर : आत्ता नको, ताई. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस असं चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं, आणि तेव्हा चांगलं आठवत नाही म्हणून माणूस स्वतःलाच दोष देतो. या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. थायरॉइड आणि बी-१२ तपासायचं का, तेही विचारा. त्यांच्या कमतरतेतही अशीच लक्षणं दिसतात. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. 'आनंदी राहा हो' म्हणू नका, सोबत चला. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलल्या, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.