घराण्याचा इतिहास शोधायचाय, सुरुवात कुठून करू? मुलांनाही त्यात घेता येईल का?

हो, मुलांना नक्की घ्या. पण वेबसाइट नंतर उघडा, आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ जाऊन बसा. मी नेमकं उलटं केलं, दोन वर्षं ऑनलाइन शोधत बसलो आणि तेवढ्यात आजीची बहीण गेली, तिच्या पेटीतल्या फोटोंमधली निम्मी माणसं कोण हे आता कोणालाच सांगता येत नाही. अजून सलतं ते.

जाताना जुने फोटो न्या आणि विचारून मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा. "तुमचं लहानपण सांगा" म्हटलं की दोन वाक्यांत विषय संपतो, त्यापेक्षा फोटो हातात द्या आणि विचारा हा कोण, हे घर कुणाचं, मागे उभी आहे तिचं पुढे काय झालं. साल आठवत नसेल तर तेव्हा धाकटा भाऊ झाला होता का, तुम्ही कितवीत होतात असं विचारत गेलं की साल बरोबर जवळ येतं. हे प्रश्न मुलांनाच विचारू द्या, आजी नातवंडांना जे सांगते ते आपल्याला सांगत नाही (माझा तरी हाच अनुभव). फोटोंच्या मागे नावं लिहायचं कामही त्यांनाच द्या, फक्त मऊ पेन्सिलने आणि हलक्या हाताने, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

मग घरातले कागद: दाखले, पत्रं, जमिनीचे कागद, जुने पासपोर्ट.

ऑनलाइनमध्ये फॅमिलीसर्च ही घराण्यांच्या जुन्या नोंदी शोधायची वेबसाइट फुकट आहे, फक्त अकाउंट काढावं लागतं. त्यांच्याकडे १९३८ पासून मायक्रोफिल्म केलेल्या (म्हणजे बारीक फिल्मवर फोटो काढून ठेवलेल्या) जगभरच्या नोंदी आहेत. सर्चमध्ये नाव आलं नाही म्हणजे नोंदच नाही असं समजू नका हं, पुष्कळ पानं नुसती स्कॅन झालीत, इंडेक्स नाहीत (म्हणजे त्यातली नावं सर्चसाठी उतरवलेली नाहीत), ती कॅटलॉगमध्ये गावाच्या नावाने शोधून एकेक करून चाळावी लागतात. आडनावाची स्पेलिंगं पण बदलून बघा. आणि दुसऱ्याने बनवलेला वंशवृक्ष दिसला तर तो जसाच्या तसा उचलू नका, त्याने कुठली नोंद जोडलीय ते आधी बघा.

सगळं एकदम घेऊ नका, दहा पिढ्या मागे गेलात तर त्या एकाच पिढीत १०२४ पूर्वजांच्या जागा होतात. एक शाखा धरा, शक्यतो जिच्यातलं कोणीतरी अजून बोलायला आहे ती.