अलागॅश व्हाइट की सेंट बर्नार्डस विट?

प्रश्न: अलागॅश व्हाइट आणि सेंट बर्नार्डस विट, दोन्हीच्या बाटल्या आणल्यात. दोन्ही बेल्जियन पद्धतीच्या व्हाइट एल, म्हणजे गव्हाच्या फिकट बिअर (‘विट’ म्हणजेही व्हाइटच), मग चवीत फरक असा काय असणार? आणि ग्लासात संत्र्याची फोड टाकायची का?

उत्तर: फोडीचं आधी सांगतो, तुलना करताना बिलकुल टाकू नका. या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल बनवतानाच पडलेली असते, वरून ताजी फोड टाकली की तिच्या सालीच्या तेलाचा वासच सगळीकडे पसरतो आणि दोन्ही ग्लास सारखेच लागायला लागतात. एरवी आवडत असेल तर खुशाल टाका.

आता फरक. बहुतेक लोक मसाला शोधत बसतात, मी म्हणेन आधी गहू बघा, कारण खरी गंमत तिथेच आहे. या प्रकारात बार्लीच्या माल्टसोबत (मोड आणून वाळवलेल्या दाण्यांसोबत) मोड न आणलेला कच्चा गहू भरपूर असतो, त्याची प्रथिनं आणि यीस्ट यामुळेच ती गढूळ, फिकट दिसते आणि तोंडात मऊ लागते. अलागॅशमध्ये ओट्सही आहेत, तरी ती शेवटी छान कोरडी संपते, पावासारखी चव पुढे आणि धणे-साल मागे, अल्कोहोल ५.२ टक्के. सेंट बर्नार्डस ५.५ टक्के, जरा भरीव, थोडी मधाळ, संत्रं आधी जाणवतं आणि मग यीस्टचा लवंगेसारखा झटका येतो.

आणि दोघींचं मूळ एकाच माणसापाशी जातं बरं का. बेल्जियममधल्या हुगार्डन गावातली ही बिअर १९५० च्या दशकात बंद पडली होती, ती तिथल्याच पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये परत सुरू केली, पुढे ते अमेरिकेत टेक्सासमध्ये ऑस्टिनला गेले आणि तिथेही त्यांनी तीच बनवली. सेंट बर्नार्डसची विट तर त्यांच्याच मदतीने तयार झालीय, बेल्जियममधल्याच वाटू गावात. अलागॅश ही अमेरिकेच्या मेन राज्यातल्या पोर्टलंडची ब्रुअरी, रॉब टॉड यांनी १९९५ मध्ये सुरू केली तीच मुळी सेलिस यांनी परत आणलेल्या याच पद्धतीच्या व्हाइटपासून. सेलिस नसते तर या दोन्ही बाटल्या तुमच्या हातात आल्या नसत्या असं मला मनापासून वाटतं.

चाखताना दोन्ही ग्लास एकाच आकाराचे घ्या, दोन्हीत थोडी थोडी ओता आणि आलटून पालटून प्या. फार थंड नको, फ्रिजमधून काढून दहा मिनिटं तरी थांबा नाहीतर वास उघडतच नाही. आणि बाटलीवरची तारीख बघाच! ही बिअर साठवून ठेवायची नाही, जुनी झाली की संत्र्याचा ताजेपणा जातो आणि मागे नुसता बोथट गोडवा उरतो, मग एक ताजी आणि एक शिळी असली तर तुम्ही बिअरची नाही, तारखांची तुलना करताय. दोन्ही ताज्या असतील तर माझं मत अलागॅशला, त्या कोरड्या शेवटामुळे दुसरा ग्लासही पहिल्याइतकाच चांगला लागतो. एकच ग्लास निवांत प्यायचा असेल तर मात्र सेंट बर्नार्डस.

प्रश्न: बाटलीच्या तळाशी गाळ दिसतोय, खराब झाली का?

उत्तर: नाही हो, ते यीस्ट आहे. बरीचशी ओतून झाली की उरलेली बाटलीतच हलकेच गोल फिरवा आणि गाळासकट ग्लासात घ्या. फक्त दोन्ही बाटल्यांचं तसंच करा, एकीचा गाळ घेतला आणि दुसरीचा तळाशी ठेवला असं नको.