९१ मूळ संख्या आहे का? आणि पटकन कसं ओळखायचं?

नाही, ९१ मूळ नाही. तेराचा पाढा आठवा, तेरा साती एक्क्याण्णव. पण तुम्ही एकटेच फसलेले नाही, ही संख्या भल्याभल्यांना गंडवते कारण २, ३, ५ च्या सोप्या कसोट्यांतून ती आरामात सुटते, सम नाही, शेवटी ० किंवा ५ नाही, आणि अंकांची बेरीज ९+१=१० म्हणजे ३ नेही भाग जात नाही.

गंमत म्हणजे १०० च्या आत २, ३, ५ ला चकवणाऱ्या संयुक्त संख्या फक्त तीनच आहेत, ४९, ७७ आणि ९१. पहिल्या दोन सातच्या पाढ्यात लगेच दिसतात, म्हणून ९१ तेवढी पाठ करून टाका, झालं काम.

मोठी संख्या असेल तर वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनीच भागून बघायचं, त्यापुढे जायची गरजच नाही, कारण विभाजक जोडीने येतात (३६ चे बघा, ४ आणि ९, ३ आणि १२) आणि जोडीतला एकतरी वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. आता २२१ घ्या, वर्गमूळ १५ च्या जरासं आत, म्हणजे २, ३, ५, ७, ११, १३ एवढंच तपासायचं, आणि १३ ला सापडतो, १३ × १७. तेच २२३ ला करून बघा, सहापैकी एकानेही भाग जात नाही, म्हणजे ती मूळ.

आणि हो, १ मूळही नाही आणि संयुक्तही नाही, परीक्षेत हमखास विचारतात.