वाचक विचारतात : बेदाण्याची पेटी, रॉटरडॅमचं बंदर आणि पाच जणांचा गट

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी गट करून एखाद्या खऱ्या कंपनीचा परदेशी व्यापाराचा प्रश्न सोडवायचा, ही पद्धत आता चांगलीच रुळली आहे. मिशिगन विद्यापीठाच्या रॉस स्कूलमध्ये ती १९९२ पासून आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या एक्स-कल्चर या उपक्रमात तर वेगवेगळ्या देशांतले विद्यार्थी एकमेकांना न भेटता इंटरनेटवरून एका गटात काम करतात. या वेळी आलेली पत्रं बहुतेक सांगली-तासगावच्या बेदाण्याबद्दलची आहेत, म्हणून उदाहरणंही तिथलीच घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही एमबीए दुसऱ्या वर्षाचे पाच विद्यार्थी. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांनी ‘युरोपात गिऱ्हाईक शोधून द्या’ असं काम दिलंय. हाती बारा आठवडे आहेत. खरेदीदारांची दोनशे नावं जमवली, पण पुढं काय करायचं ते कळेना.
— विद्यार्थी गट, सांगली

उत्तर : यादी बाजूला ठेवा. पहिले दोन आठवडे व्यापाऱ्यांच्या गोदामात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये घालवा. युरोपातला खरेदीदार पहिल्याच मेलमध्ये तीन गोष्टी मागतो: कीडनाशकांच्या अंशाचा अहवाल, ऑक्राटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा अहवाल, आणि माल कुठल्या बागेतून आला याचा माग. यातलं काय देता येईल हे कळल्याशिवाय दोनशे मेल पाठवलेत, तर दोनशे ठिकाणी व्यापाऱ्यांचं नाव कच्चं पडेल.

गोदामात काय बघायचं ते सांगतो. सौद्यात वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे लॉट घेतले जातात आणि मग रंग व जाडी बघून एकत्र केले जातात. हिरवा हिरव्यात, पिवळा पिवळ्यात. प्रतवारीसाठी हे बरोबरच आहे, पण माग तिथंच तुटतो. म्हणून एक पिवळी पेटी उचला आणि विचारा, ‘यातला माल कुठल्या बागेतला?’ उत्तर आलं नाही, तर तुमच्या प्रकल्पाचा खरा प्रश्न सापडला. गिऱ्हाईक शोधणं त्याच्या नंतरचं काम.

अंशाचं गणित नीट समजून घ्या, कारण बहुतेक गट इथं घसरतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडतं, पण औषधाचा अंश बराचसा मागे राहतो आणि दाट होतो. युरोपची मर्यादा ताज्या द्राक्षांसाठी ठरलेली असते. बेदाण्याला ती लावताना सुकण्यामुळे झालेली ही वाढ हिशेबात धरतात. क्लोरपायरिफॉस या कीडनाशकाची मर्यादा युरोपने नोव्हेंबर २०२० पासून किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली आहे. आता समजा, दहा लॉटपैकी एकात ०.०६ आहे आणि बाकीचे स्वच्छ आहेत. सगळं मिसळल्यावर सरासरी ०.००६ येते आणि कागदावर माल पास होतो. पण ढीग कधीच एकसारखा मिसळत नाही. बंदरावर नमुना त्याच कोपऱ्यातून निघाला, तर अख्खा कंटेनर अडकतो. शिवाय अंश कमी दिसावा म्हणून माल मिसळायला युरोपच्या कायद्यात मनाई आहे. तेव्हा चाचणी लॉट एकत्र करण्याआधी, प्रत्येक लॉटची वेगळी, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत करायची.

ही नुसती भीती नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाल्याने युरोपला निघालेली भारतीय ताजी द्राक्षं अडकली होती आणि नाशिकच्या बागायतदारांना त्याचा मोठा फटका बसला होता. ताज्या द्राक्षांसाठी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही माग ठेवणारी व्यवस्था आहे. तिच्यात प्लॉटची नोंदणी कशी होते ते पाहा आणि त्याच धर्तीवर व्यापाऱ्यांना साधं लॉट रजिस्टर करून द्या. शेतकरी, गाव, रॅकवर टाकल्याची तारीख, डिपिंगला (सुकवण्याआधी द्राक्षं बुडवायला) काय वापरलं, गंधकाची धुरी दिली का, फवारणीची वही आहे का, एवढे रकाने पुरेत.

धुरीचा रकाना विसरू नका. पिवळ्या बेदाण्यात सल्फर डायऑक्साइड राहतो. युरोपात सुक्या द्राक्षांना त्याची मर्यादा किलोला २००० मिलिग्रॅम आहे, आणि १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर लेबलवर ॲलर्जीकारक घटक म्हणून तो लिहावाच लागतो. ऑक्राटॉक्सिन ए ची मर्यादा २०२३ पासून किलोला ८ मायक्रोग्रॅम झाली, आधी ती १० होती. जुना अहवाल इंटरनेटवरून उतरवणारे गट अजून १० च लिहितात.

तिसऱ्या आठवड्यात व्यापाऱ्यांसमोर एका पानाचा कागद ठेवा: कोणता निर्णय घ्यायचाय, कोणता माल, किती टन, कोणत्या तारखेपर्यंत. त्यावर त्यांची सही घ्या. बारा आठवड्यांच्या शेवटी तीन खरेदीदारांना पाठवता येतील असे अहवालासह नमुने तयार झाले, तर काम उत्तम झालं असं समजा.

प्रश्न : ट्रेड मॅप या व्यापाराच्या आकडेवारीच्या संकेतस्थळावर युरोपात नेदरलँड्सचा आयातीचा आकडा फार मोठा दिसतो. म्हणून आम्ही तोच देश निवडला. मार्गदर्शक सर म्हणतात, निवड चुकली. का?
— विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : सरांचं बरोबर आहे. नेदरलँड्सचं रॉटरडॅम बंदर हे युरोपचं दार आहे. तिथं उतरलेला बराच माल ट्रकने जर्मनीत आणि आणखी पुढं जातो, तरी आयातीत नोंद नेदरलँड्सच्या नावावर होऊ शकते. त्याच देशाचा निर्यातीचा आकडा काढा. ज्या देशात ते पीकच येत नाही, तो ते टनावारी निर्यात करताना दिसला, तर तो मधला दलाल आहे असं समजा. आयातीतून निर्यात वजा केल्यावर जे उरतं, तो खाण्याचा ढोबळ अंदाज.

दुसरा घोळ असा: भारताने दाखवलेली निर्यात आणि समोरच्या देशाने दाखवलेली आयात सहसा जुळत नाही. आपण एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत धरतो, ते भाडं आणि विमा धरून सीआयएफ किंमत लावतात. त्यात डिसेंबरात निघालेला माल तिकडे जानेवारीत उतरतो, म्हणजे वर्षही बदलतं. म्हणून तुलना रुपया-डॉलरमध्ये करण्याऐवजी टनात करा आणि तीन वर्षांची सरासरी घ्या.

मालाचा एचएस कोडही (व्यापारातला वर्गीकरणाचा क्रमांक) तपासा. सुकी द्राक्षं ०८०६ २०, ताजी ०८०६ १०. पहिले सहा अंक जगभर तेच असतात, पुढचे देशागणिक बदलतात. चारच अंक टाकून शोधलंत तर ताजी आणि सुकी एकत्र येतात, आणि आकडा बघून उगाच आनंद होतो. आणि दलाल-देश टाळायचाच असंही नाही. पहिला कंटेनर विकायला रॉटरडॅमचा आयातदार सोयीचा असतो. फक्त त्याला बाजारपेठ म्हणू नका.

प्रश्न : आम्ही किलोमागे निर्यातीचा भाव काढला. व्यापारी म्हणाले, ‘या भावात मी बुडेन.’ कुठं चुकलं असेल? आणि भाव एफओबी द्यायचा की सीआयएफ?
— गट क्र. ४, कोल्हापूर

उत्तर : तुमचा तक्ता पाहिला. चूक दोन ठिकाणी आहे.

पहिली चूक कंटेनरची. तुम्ही ४० × ३० × १५ सेंमीची, १० किलोची पेटी धरली आणि २० फुटी कंटेनरचे ३३ घनमीटर तिच्या आकारमानाने भागले. १८३३ पेट्या आल्या. आता कंटेनरच्या आत उभं राहून मोजा. आतली लांबी ५.८९ मीटर, म्हणजे १४ पेट्या. रुंदी २.३५ मीटर, म्हणजे ७. उंची आत २.३९ असली तरी दार २.२८ चं आहे, म्हणजे १५ थर. १४ × ७ × १५ = १४७०. तुमच्या हिशेबापेक्षा ३६३ पेट्या कमी. पेट्या आडव्या-उभ्या वळवून थोड्या वाढतील, पॅलेट घातलीत तर आणखी घटतील. समजा भाडं २००० डॉलर आहे. १८,३३० किलोवर ते किलोला १०.९ सेंट पडतं आणि १४,७०० किलोवर १३.६ सेंट. नुसत्या या चुकीत एका कंटेनरमागे ४०० डॉलरच्या आसपास गेले.

दुसरी चूक निवडणीतल्या घटीची. २०० रुपयांनी घेतलेल्या १०० किलोत काड्या, देठ आणि खराब दाणे मिळून ६ किलो गेले, तर तुम्ही २०० ला १.०६ ने गुणून २१२ धरले. खरं तर २०० ला ०.९४ ने भागायचं: २१२.७७. किलोला ७७ पैसे म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण १४,७०० किलोवर ११,००० रुपयांच्या वर जातात. निवडून काढलेला हलका माल विकून जे येईल ते वेगळं वजा करा. रोडटेपसारखा निर्यातीवरच्या करांचा सरकारी परतावा भावात आधीच धरू नका, तो मिळाल्यावर नफ्यात मोजा.

आता अटी. खर्च आणि जोखीम कोणाची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय अटींच्या संचात, इन्कोटर्म्स २०२० मध्ये, एकूण ११ अटी आहेत. कंटेनरच्या मालाला एफओबीपेक्षा एफसीए (ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या हाती माल देणं) योग्य. कारण कंटेनर तुम्ही न्हावा शेवाला टर्मिनलवर सोपवता, जहाजावर तो नंतर चढतो, आणि एफओबीत त्या मधल्या काळाची जोखीम तुमच्यावर राहते. व्यवहारात सगळे एफओबीच म्हणतात, म्हणून निदान विमा तरी ते दिवस धरून काढा.

सीआयएफबद्दल मोठा गैरसमज आहे. भाडं आणि विमा विकणाऱ्याचा असतो, म्हणून माल पोचेपर्यंत जोखीमही त्याचीच, असं वाटतं. तसं नाही. माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे गेली. विमा किमान किमतीच्या ११० टक्के काढायचा असतो, पण किमान संरक्षणाचा. त्यात ओल लागून झालेलं नुकसान येईलच असं नाही. आणि बेदाण्याचा शत्रू तोच आहे. उबदार गोदामातून थंड समुद्रात गेलेल्या कंटेनरच्या छताला दव धरतं आणि वरच्या थरावर ठिबकतं. ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगण्याचा खर्च तक्त्यात हवाच. प्रवासाचे दिवसही आज बघून घाला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर बरीच जहाजं सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, आणि त्यात दहा-चौदा दिवस वाढतात.

प्रश्न : ‘एलसी असेल तर पैसे सुरक्षित’ असं अहवालात लिहिलं तर चालेल का?
— विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : नाही. एलसी (लेटर ऑफ क्रेडिट) म्हणजे ठरलेले कागद मिळाल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी. बँक माल बघत नाही, कागद बघते. यूसीपी ६०० या नियमांप्रमाणे तपासणीला तिला कामकाजाचे पाच दिवस असतात, आणि एलसीत वेगळं लिहिलेलं नसेल तर माल जहाजावर चढल्यापासून २१ दिवसांत बिल ऑफ लेडिंगसह (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) कागद सादर व्हावे लागतात. इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलं पाहिजे. एलसीत ‘गोल्डन रेझिन्स’ आणि इन्व्हॉइसवर ‘ड्राइड ग्रेप्स’ असलं की बँक बोट ठेवणार. माल तोच आहे, हे समजावत बसायला वाव नसतो. गटातल्या एकाला एवढंच काम द्या: एलसीचा मसुदा आल्या दिवशी प्रत्येक अट सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट), फॉरवर्डर (वाहतूक ठरवून देणारा) आणि प्रयोगशाळेला विचारून तपासायची आणि जी पाळता येणार नाही ती माल निघण्याआधी बदलून घ्यायची.

प्रश्न : आमच्या गटात नेदरलँड्स आणि न्यूयॉर्कचे विद्यार्थी आहेत. मीटिंग सारखी चुकते. शिवाय एक जण कधीच बोलत नाही आणि दुसरा काही करत नाही.
— विद्यार्थिनी, मुंबई

उत्तर : मीटिंग भारताच्या वेळेवर बांधा, कारण आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही. हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे रॉटरडॅमला दुपारचे तीन आणि न्यूयॉर्कला सकाळचे नऊ. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढं करते, युरोप शेवटच्या रविवारी. त्या मधल्या आठवड्यांत हमखास घोळ होतो. व्यापाऱ्यांनी आखाताचा बाजार सुचवला असेल तर हेही लक्षात ठेवा: अमिरातीत २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवारी आणि शुक्रवारी अर्धा दिवस, सौदीत मात्र शुक्रवार-शनिवार.

न बोलणारा आणि काम न करणारा, या दोघांना एका मापाने मोजू नका. न बोलणाऱ्याला बहुतेकदा इंग्रजीचा किंवा मोठ्यांसमोर बोलण्याचा संकोच असतो. प्रश्न आदल्या दिवशी लेखी पाठवा आणि उत्तरही लेखी मागा. अशांकडून फार चांगलं काम येतं. काम न करणाऱ्यासाठी फाइलच्या प्रत्येक तक्त्यावर करणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव घाला. एकमेकांचं मूल्यमापन चौथ्या आठवड्यातच घ्या. बाराव्यात घेतलंत तर गुण कापता येतील, पण काम मिळणार नाही.

प्रश्न : विद्यार्थ्यांना आमच्या खरेदीचे भाव दाखवावेत का? उद्या तेच भाव शेजारच्या अडत्याकडे गेले तर?
— बेदाणा व्यापारी, तासगाव

उत्तर : काळजी रास्त आहे. गुप्ततेचा करार महाविद्यालयाशी करा आणि प्रत्येक विद्यार्थ्याचीही सही घ्या. शेतकऱ्यांची नावं आणि प्रत्येक सौद्याचा भाव देऊ नका. हंगामाची सरासरी, निवडणीतली घट, हमाली, कोल्ड स्टोरेजचं भाडं आणि जुने प्रयोगशाळा-अहवाल द्या, तेवढ्यावर त्यांचा हिशेब बसतो. नाकारलेल्या मालाचे अहवाल लपवू नका, विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त उपयोग त्याच अहवालांचा आहे. आणि आठवड्यातला एक तास ठरवून द्या, शक्यतो सौद्याचा दिवस सोडून.

प्रश्न : अशा प्रकल्पाला गुण कसे द्यावेत? व्यापाऱ्याने शिफारस नाकारली तर गट नापास का?
— प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. ‘या हंगामात युरोपला माल पाठवू नका, आधी लॉट रजिस्टर करा’ ही शिफारस एखाद्या व्यापाऱ्याला आवडणार नाही, पण ती पुराव्याने मांडली असेल तर तिला भरघोस गुण द्या. तोंडी परीक्षेत तक्त्यातला कुठलाही एक आकडा निवडा आणि विचारा, हा कुठून आला, कोणी तपासला, आणि तो दहा टक्क्यांनी बदलला तर निर्णय बदलतो का? व्यापाऱ्यांनाही त्या वेळी समोर बसवा. भाड्याचा आकडा कुठल्या महिन्यातला आहे, हे पहिल्यांदा तेच विचारतील.