मोटर लगेच वर काढू नकोस

पत्र : मी सेलूची. परभणीच्या कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, रोज रेल्वेनं ये-जा करते. सरांनी पेनड्राइव्हवर तयार लिनक्स व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, दिलं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये इम्पोर्ट केलं की झालं, म्हणाले. त्यात उबुंटू २३.१० हे लिनक्स आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, अ‍ॅडमिनच्या अधिकारासाठी सुडो लावलं की पासवर्ड मागतं, पण टाइपच होत नाही. अपडेट करायला गेलं की ४०४ असं काहीतरी येतं. मैत्रिणीच्या भावानं सांगितलं म्हणून नेटवर्क ब्रिज्ड केलं, रॅम ६ जीबी केली. आता नेटच नाही आणि लॅपटॉपही लटकतो. तीनदा काढून पुन्हा टाकलं, चार दिवस वाया गेले. आधी ४०४, मग सेटिंग बदललं की सगळंच बंद. वडिलांनी सोयाबीन विकून हा जुना ८ जीबीचा लॅपटॉप घेऊन दिलाय. घरचे म्हणतात, हे सोड आणि बी.एड. कर. सर, लिनक्सचं काम मला जमणारच नाही का?

उत्तर :

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीपाशी थांबलो : ‘४०४ असं काहीतरी येतं.’ तुझ्या अडचणीची किल्ली त्याच ओळीत आहे, आणि तू तिला ‘असं काहीतरी’ म्हणून सोडून दिलंस.

४०४ हा आकडा समोरचा सर्व्हर पाठवतो. ‘मी इथं आहे, पण तू मागतेस ती फाइल माझ्याकडे नाही’ असा त्याचा अर्थ. म्हणजे तुझ्या मशीनची विनंती बाहेर गेली, सर्व्हरपर्यंत पोचली आणि उत्तर परत आलं. तुझं नेट चालूच होतं! मग फाइल का नव्हती? उबुंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. २३.१० म्हणजे २०२३ चा ऑक्टोबर. एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळायची, नसलेल्या आवृत्तीला उबुंटूवाले फक्त ९ महिने सांभाळतात. हिची मुदत जुलै २०२४ मध्ये संपली. मुदत संपली की तिची पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामच्या फाइली, नेहमीच्या सर्व्हरवरून जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवतात. सरांनी मशीन तयार केलं तेव्हा ते चालतच असणार. तुझ्या हाती येईपर्यंत पत्ता बदलला, एवढंच.

आता एक सांग. शेतातली बोअरची मोटर पाणी देईना, तर तुझे वडील आधी काय बघतात? लाइट आली का, तिन्ही फेज आहेत का, स्टार्टर ट्रिप झालाय का, केबल कुठं तुटली का. हे सगळं तपासून झाल्यावरच मोटर वर काढायचा विचार. कारण मोटर काढायची म्हणजे माणसं लागतात, पैसा लागतो, दिवस मोडतो. तू तीनदा मशीन काढून पुन्हा टाकलंस, म्हणजे तीनदा मोटर वर काढलीस. बिघाड वरच्या पेटीत होता.

तीच रीत इथं लाव. नेटवर्क ब्रिज्डवरून परत एनएटीवर (NAT) आण, म्हणजे आतलं मशीन लॅपटॉपच्याच नेटमधून बाहेर जाईल. ब्रिज्डमध्ये व्हर्च्युअल मशीन वायफायवर स्वतंत्र यंत्र म्हणून उभं राहतं आणि कॉलेज-होस्टेलची बरीच वायफाय अशा जादा पाहुण्याला आत घेत नाहीत. रॅम २ जीबीवर आण, जड वाटलं तर ३ कर. लॅपटॉपच्या ८ पैकी ६ जीबी आतल्या मशीनला दिल्यावर विंडोजनं कशावर चालायचं? मग टर्मिनल उघडून ‘आयपी ए’ (ip a) दे. १०.०.२.१५ असा आकडा दिसला, तर मशीनला पत्ता मिळालाय. नंतर १०.०.२.२ ला पिंग कर, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मार; ती तुझ्या घराची वेस. मग ८.८.८.८ ला, म्हणजे गावाबाहेर. शेवटी एखाद्या वेबसाइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं पण नावाला येत नाही, तर गडबड डीएनएसची, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सोयीची. आकड्यालाही येत नाही, तर त्याआधीच्या पायरीवर बघ. ज्या पायरीवर उत्तर थांबलं, तिथंच खणायचं.

पासवर्डचं म्हणशील तर तो टाइप होतो, फक्त दिसत नाही. टर्मिनलमध्ये ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. न बघता लिहायचं आणि एंटर.

हे मशीन ताळ्यावर आलं की कशालाही हात लावण्याआधी स्नॅपशॉट घे. नंतर काही बिघडलं तर त्या क्षणाला परत जाता येतं, पुन्हा इम्पोर्ट करत बसावं लागत नाही. पुढच्या सरावासाठी २४.०४ घे, ती एलटीएस आहे, ५ वर्षं सांभाळली जाते. पण त्याआधी या २३.१० मध्येच पॅकेजांचे पत्ते जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरकडे वळवून अपडेट चालवून दाखव. नवीन मशीन घेऊन हा प्रश्न टाळता येईल, हे मलाही कळतं. तरी तू तो सोडवावास असं मला मनापासून वाटतं.

कारण तू जे चार दिवस वाया गेले म्हणतेस, ते या क्षेत्रातलं रोजचं काम आहे. सपोर्ट, सिस्टिम अ‍ॅडमिन, क्लाउड, पुढे डेव्हऑप्स, कुठंही जा : दुसऱ्यानं उभं केलेलं मशीन हातात येतं, ते चालत नसतं, आणि का चालत नाही ते तुला शोधायचं असतं. मी मार्गदर्शनाकडे वळण्याआधी काही वर्षं पुण्यात सर्व्हर सपोर्टला होतो. एका रात्री घाईत दोन सेटिंग एकदम बदलली आणि सर्व्हर चालू झाला. सकाळी वरिष्ठांनी विचारलं, नेमकं कशामुळे? मला सांगता आलं नाही. दहा दिवसांनी तोच बिघाड परत आला, तेव्हा आम्ही पहिल्यापासून शोधत बसलो. तेव्हापासून एका वेळी एकच बदल करतो, आणि तो लिहून ठेवतो.

म्हणून एक दोनशे पानी वही घे. आज काय केलं, पडद्यावर काय आलं, कोणता एक बदल केला, त्यानं काय झालं. मुलाखतीत ‘तुला काय येतं’ असं विचारलं, तर प्रमाणपत्राच्या आधी त्या वहीतली पानं सांग. प्रमाणपत्र घ्यायचंच झालं तर रेड हॅट कंपनीचं लिनक्सचं आरएचसीएसए चांगलं. त्यात पर्याय निवडायचे नसतात, तीन तास खऱ्या मशीनवर काम करून दाखवायचं असतं. पण फी बरीच आहे, वडिलांना आत्ताच त्या खर्चात पाडू नकोस. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतून मोफत आहेत. ये-जा करताना डब्यात बसून बघता येतील, डाउनलोड करून ठेव.

बी.एड. वाईट नाही. तुला शिकवायला आवडत असेल तर आनंदानं कर. पण ४०४ ला घाबरून करू नकोस. घरच्यांशी बोलताना सहा महिने मागून घे. हेही स्पष्ट सांग, की सुरुवातीची नोकरी बहुधा पुण्याला असेल, रात्रपाळीही असू शकते. हे आधीच कळलेलं बरं, नंतर त्यावरून घरात वाद नकोत. सहा महिने वही भरूनही या कामाचा कंटाळाच येत असेल, तर मला लिही, आपण दुसरी वाट बघू.

आणि लिहिशील तेव्हा पडद्यावर आलेली ओळ जशीच्या तशी उतरव. ‘असं काहीतरी’ नको.